हजार रुपयांचा पूल

आधीचे तीन मुलगे गेले म्हणून चौथ्याचं नाव भिकन ठेवलं, आणि तोच पुढे राज्याच्या तिजोरीशी जाऊन बसला, हे घोटीच्या लोकांना अजूनही खरं वाटत नाही. भिकन पुंजा पोरजे घोटीतल्या एका भाताच्या गिरणीत हिशेब लिहायला लागला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. कोणाच्या पोत्यात ओल किती, कोणाच्या तांदळात कणी किती, हे तो वही न उघडता सांगायचा. मालकाला त्याचं कौतुक होतं आणि धास्तीही, कारण हा पठ्ठ्या मालकाची चूकसुद्धा गिऱ्हाइकासमोर दाखवायचा. असला माणूस राजकारणात टिकायचा नाही, असं सगळे म्हणत. पण तो टिकला, आणि चांगली वीस वर्षं टिकला.

त्याची थोरली बहीण कुसाबाई करंजदऱ्याला दिलेली. गाव नदीपलीकडे. बाजार, दवाखाना, मोठी शाळा, सगळं अलीकडे. मधे फक्त एक लोखंडी साकव, माणसं एकामागे एक चालतील एवढा, आणि तोही मधोमध वाकलेला. पावसाळ्यात पाणी साकवाला टेकलं की गाव आठ आठ दिवस घरी. भिकन जिल्हा परिषदेवर निवडून आला तेव्हा ओवाळून झाल्यावर कुसाबाई म्हणाली, "मला साडी नको, काय नको. गावाला पूल दे." तो म्हणाला, "देतो, आक्का." बोलताना त्याच्या मनात काही खोट नव्हती.

जिल्हा परिषदेत तो अर्थ समितीचा सभापती झाला. पुलाचा खर्च कोटीत, आणि जिल्हा परिषदेची ऐपत साकव रंगवण्यापुरती. मग त्यानं दुसरंच काम हातात घेतलं. त्याच्या लक्षात आलं की एकच रस्ता तीन याद्यांत असतो. आमदाराच्या, जिल्हा परिषदेच्या आणि राज्याच्या. रस्ता एकदाच होतो, पैसे तीनदा निघतात. त्यानं ठराव करून घेतला, की जे काम राज्याच्या यादीत आहे त्याला जिल्हा परिषदेनं एक रुपया द्यायचा नाही. ठेकेदारांनी बोटं मोडली, पेपरवाल्यांनी फोटो छापले. याच ठरावाच्या जोरावर तो आमदार झाला, आणि दुसऱ्या खेपेला अर्थ राज्यमंत्री.

अर्थसंकल्पाच्या दिवशी मोठे मंत्री विधानसभेत भाषण वाचतात आणि त्याच वेळी राज्यमंत्री तेच भाषण विधान परिषदेत वाचतो. टीव्हीवाले अर्थातच विधानसभेत. भिकननं दोन तास उभं राहून ते वाचलं, आणि समोरचे अर्धे सदस्य मोबाइल बघत होते. त्याला त्याचं काही वाटलं नाही. त्या वर्षी कामांच्या यादीत करंजदऱ्याचा पूल होता, आणि तो त्यानंच घातला होता.

त्या पुलापुढे रक्कम होती एक हजार रुपये. याला टोकन तरतूद म्हणतात. पैसे नसताना कामाला यादीत जागा धरून ठेवायची ही सरकारी रीत. बसच्या सीटवर रुमाल टाकतात तशी. खरे पैसे पुढे कधीतरी पुरवणी मागण्यांत येतात, किंवा येत नाहीत. ही रीत भिकनला पाठ होती. करंजदऱ्याला कशी असणार?

गावात गुलाल उधळला. कुसाबाईनं पाच किलो पेढे आणून स्वतः घरोघर वाटले आणि फोन केला. "भिकन, आपलं गाव बजेटात आलं रे. लय बरं वाटलं." तेव्हा त्यानं सांगायला हवं होतं की आक्का, सध्या हजारच रुपये आहेत. त्यानं सांगितलं नाही. तिचा आवाज इतका आनंदात होता की त्याची जीभ रेटली नाही. माणूस वाईट नव्हता, पण हे त्यानं वाईट केलं.

मे महिन्यात साकवाचा एक खांब खचला. दुरुस्तीला चार लाख ऐंशी हजार लागणार होते आणि जिल्हा परिषदेनं ते आधीच राखून ठेवले होते. पण फाइल परत आली. वर शेरा होता, की या ठिकाणचा पूल राज्याच्या यादीत असल्यानं दुरुस्तीस निधी देता येत नाही. खाली ठराव क्रमांक होता. तो भिकनचाच ठराव होता. हजार रुपयांच्या पुलानं पाच लाखांचा साकव अडवला होता.

त्यानं खात्यात विचारलं, पुलाला पैसे कधी? उत्तर आलं, तीन वर्षं तरी नाही. आता एका फोनचं काम होतं. जिल्हा परिषदेला म्हणायचं, एवढं एक काम वगळा. दुसऱ्या कुणी चहा गार होण्याआधी तो फोन केला असता. पण बहिणीसाठी ठराव वाकवला की दुसऱ्या दिवशी तालुक्यातले सगळे ठेकेदार त्याच दाराशी उभे राहणार, हे त्याला दिसत होतं. पाऊस तीन आठवड्यांवर आला होता. त्यानं पूल यादीतून काढायला लावला आणि त्या कागदावर सही केली. साकव जूनच्या वीस तारखेला उभा राहिला. त्या पावसाळ्यात करंजदऱ्यातलं कोणी वाहून गेलं नाही. कोणी आभारही मानले नाहीत.

पुढची निवडणूक तो एकोणीसशे मतांनी हरला. कारणं पुष्कळ होती आणि एकटं करंजदरा काही त्याला पाडू शकत नव्हतं. आता तो पंचवटीतल्या फ्लॅटमध्ये राहतो. केंद्रनिहाय आकडे आले तेव्हा सवयीनं त्यानं शेवटच्या पानापर्यंत वाचले. करंजदऱ्यात मतदान चारशे बारा, त्याला सदतीस. दुसऱ्या दिवशी तो एसटीनं निघाला, साकवावरून चालत पलीकडे गेला आणि बहिणीच्या ओट्यावर बसला. कुसाबाई तांदूळ निवडत होती.

"साकव पक्का झालाय," तो म्हणाला.

"हा. पक्का हाय."

"पुलाची वाट बघितली असती तर तीन पावसाळे तसेच काढावे लागले असते, आक्का. कोणीतरी गेलं असतं."

"मला कळतंय ते."

"मग गावाला का नाही सांगितलंस?"

तिनं सूप खाली ठेवलं. "तू मला सांगितलं का? पूल खोडला ते मला ग्रामसेवकानं सांगितलं, टाकीवर, बायका पाणी भरत व्हत्या तवा. पेढे मी वाटले व्हते, भिकन. तू नाय."

त्यानं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग तो म्हणाला, "सदतीसमध्ये तुझ्या घरची सहा धरली होती मी."

"पाच धर," ती म्हणाली. "पोरांनी दिलं, सुनांनी दिलं, ह्यांनी दिलं. मी नाय दिलं."

ती उठून आत गेली. थोड्या वेळानं आतून हाक आली, "हात धुवून घे. भात निवतोय."