दूध तापलं म्हणे!

शिवणकाम करणाऱ्या या बाईला सगळी गल्ली ‘कात्री’ म्हणते. मशीनपेक्षा तिची जीभ जोरात चालते म्हणून. पण त्या दिवशी जिभेचंही काही चालेना.

भावाच्या तान्ह्या पोराला पाण्यासारखे जुलाब लागले होते. ओठ सुकलेले, सकाळपासून शू नाही. संध्याकाळपर्यंत झाली नाही तर ताबडतोब दवाखान्यात आणा, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. आणि भावजय खुशाल टेबलाशी उभी राहून गिऱ्हाइकांच्या शर्टांना इस्त्री करत होती! दुधाने तिची छाती भिजली होती, पण पाजायला बंदी. कात्रीच्या आईचं फर्मान होतं: सून दिवसभर इस्त्रीशी उभी असते, तिचं दूध तापलंय, तेच पोराला बाधतंय.

“दूध काय शेगडीवर ठेवलं होतंस का गं, आई?” कात्री कडाडली. “पाजत राहा, पाकिटातली मीठ-साखरेची पावडर पाण्यात कालवून चमच्याने द्या, एवढं साधं सांगितलंय नर्सबाईंनी!”

“खालून गळतंय आणि वरून ओता म्हणे! पाच पोरं वाढवलीत मी.”

“वाढलो, हे आमचं नशीब!”

शेजारीण दारातूनच म्हणाली, “दात येत असतील हो.”

“तीन महिन्यांच्या पोराला? मग उद्या दाढीही येईल!”

भावजय मान वर न करता म्हणाली, “ताई, तुम्ही भांडून घरी जाल. याला काही झालं तर बोल मला लागेल.”

कात्रीने पोराकडे पाहिलं. पोर आता रडतही नव्हतं, नुसतं कण्हत होतं. तिने भावजयीच्या हातातली इस्त्री हिसकावली.

“बरं बाई, तापलंय दूध! पंख्याखाली बस, गार हो आणि पाज. शर्ट मी बघते. काय गं आई, गार दूध चालेल ना?”

आई अडकली. गार दुधाविरुद्ध तिच्याकडे काहीच नव्हतं. “चालेल. पण आधी घाम सुकू दे.”

तो मेला घाम सुकेपर्यंत कात्रीने एक कॉलर जाळली. पोर मात्र छातीला लागलं ते सोडेचना. मधूनमधून चमचाही चालू होता. ‘पाणी नव्हे, औषध आहे’ असं आईला सांगावं लागलं, एवढंच. ऊन उतरताना पोराने आत्याची मांडी भिजवली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी आई दारात उभी राहून गल्लीला सांगत होती, “जुलाबांवर पंख्यासारखं औषध नाही!”

कात्रीने तोंड उघडलं. तेवढ्यात तिला आत भावजय दिसली. घाम न पुसता, कुणाला न विचारता ती पोराला पाजत होती.

कात्रीने दातओठ खाऊन तोंड मिटलं.