फुकटच्या सर्व्हरची खंडेनवमी

खंडेनवमीला आमच्या डेअरीत पूजेतून काही सुटत नसे. वजनकाटे, दुधाचे पंप, टँकरची चाकं, पहारेकऱ्याची काठी, अगदी ऑफिसातलं स्टेपलरसुद्धा. सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल मिळायचं. सुटायचा तो फक्त माझा सर्व्हर. मालक त्या गार खोलीच्या दारापर्यंत यायचे, आतली घरघर ऐकायचे आणि ताट घेऊन परत फिरायचे. चालत्या हत्याराची पूजा करायची नाही, हत्यार आधी खाली ठेवायचं, हा त्यांचा नेम. कपाळभर विभूती लावणारा, जुन्या वळणाचा माणूस. त्यांच्याशी वाद कोण घालणार?

आणि सर्व्हर तर खाली ठेवता येत नव्हता. म्हशींना खंडेनवमी कळत नाही. कोडोलीच्या बाजूच्या गावांतून सकाळ-संध्याकाळ दूध यायचं, वजनाचा आणि फॅटचा आकडा थेट सर्व्हरवर पडायचा, आणि तो पडल्याशिवाय कॅन पुढे सरकत नसे. मधल्या वेळात टँकर भरले जायचे, त्यालाही सर्व्हरच लागायचा. डेअरीचे संगणक सांभाळणं हे माझं काम. दर वर्षी मालक मला विचारायचे, ह्याला कधीच विसावा नाही का, आणि दर वर्षी मी ओशाळून हसायचो.

दोन हजारच्या दशकाच्या शेवटाला ह्यावर उपाय घेऊन आला तो माझा मित्र. त्याची माझी दोस्ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. डिप्लोमा झाल्यावर शाहूपुरीत एका खोलीत आम्ही दोघं संगणक जोडून विकायचो. दोघांत मिळून एकच चांगला स्क्रू-ड्रायव्हर होता. खंडेनवमीला तो पाटावर मांडला, की हा गडी दिवसभर त्याला हात लावू देत नसे. एकदा एक गिऱ्हाईक बंद पडलेलं मशीन घेऊन आलं, फार घाईत होतं. मी उठलो तर ह्याने माझा हात धरला. आज हत्यार झोपलंय, उद्या या, असं सांगून त्याने गिऱ्हाईक परत पाठवलं. हे मुद्दाम सांगतोय. त्या दिवसाचं मोल त्याला ठाऊक नव्हतं, असं कुणी म्हणू नये.

पुढे मी नोकरी धरली, त्याने सर्व्हर विकायचा धंदा वाढवला. त्याची योजना अशी होती. एका दणकट सर्व्हरच्या पोटात चार-पाच संगणक नांदवायचे, खरेखुरे नव्हेत, सॉफ्टवेअरने उभे केलेले. असे दोन सर्व्हर शेजारी ठेवायचे, आणि पोटातला संगणक चालू असतानाच एकातून दुसऱ्यात न्यायचा. काम क्षणभरही थांबत नाही आणि पहिला सर्व्हर मोकळा होतो. सर्व्हर विकत घ्यायचे, पण ही करामत करणारं सॉफ्टवेअर कितीला, असं मी विचारलं. तो हसला.

"फुकट हाय मर्दा."

श्रावणाच्या आधी सगळं बसवून झालं. मालकांना खोलीत बोलावून आम्ही प्रयोग करून दाखवला. बाहेर दूध चालूच होतं. मी बटण दाबलं, पडद्यावर एक पट्टी भरत गेली, आकडे पडत राहिले, रांगेतल्या कुणाला काही कळलंही नाही. मग मी मोकळा झालेला सर्व्हर बंद केला. मालकांनी त्याच्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"औंदा ह्याची पूजा करायची," ते म्हणाले. "जमंल न्हवं?"

जमेल म्हणालो. शब्द दिला. मित्र शेजारी उभा होता, त्यानेही मान हलवली. मालक इतके हरखले, की त्यांनी पाहुण्यांनाही निमंत्रणं धाडली. पहिलं निमंत्रण माझ्या मित्राला.

भादव्यात तो एकदा सहज आल्यासारखा आला. सॉफ्टवेअरची चाचणीची मुदत संपत आली आहे, आता कायमच्या फुकट परवान्याचा नंबर घालतो, म्हणाला. मी चहा मागवला. सगळं आहे तसंच राहील ना, असं विचारलं. काही फरक पडत नाही, म्हणाला आणि बशीत चहा ओतला. मी पुन्हा तपासून बघितलं नाही. मित्राचा शब्द तपासायचा असतो हे मला कुठे माहीत होतं?

खंडेनवमीच्या सकाळी खोलीबाहेर गर्दी झाली. मालक सोवळं नेसून आले, मालकीणबाई ताट घेऊन. मी ऐटीत खुर्चीवर बसलो. पडद्यावरचं ते बटण पुसट झालं होतं. दाबलं तरी दबेना. खाली इंग्रजीत एक ओळ होती, ही सोय तुमच्या परवान्यात नाही. मी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. तीच ओळ. बाहेर कॅनची रांग फाटकापर्यंत गेली होती. कामं दोन्ही सर्व्हरवर वाटलेली, कुठलाही बंद केला असता तर दूध उन्हात राहिलं असतं. मानेवरून घाम उतरत होता आणि मागे कुणीतरी घंटी वाजवून बघत होतं.

तेवढ्यात तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. मी त्याला पडदा दाखवला. तो जराही दचकला नाही. 

"त्ये इकतच्या लायसनमधलं हाय," तो म्हणाला. "चाचणीत सगळं मिळतंय. फुकटात एवढंच."

"तुला म्हाईत हुतं?"

"व्हय की." मग माझ्याकडे पाठ करून तो मालकांना म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर तुम्ही नगं म्हणाला असता. आता बघितलासा न्हवं, नसल्यावर काय हुतंय?"

पहिले दोन महिने तांबडा-पांढरा रस्सा वाढायचा आणि जिभेला चव लागली की पुढे कोरडी भाकरी, ती फुकट म्हणून तक्रारीला तोंड नाही, ही त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीची रीत. कंपनी परकी, तिने मला कसला शब्द दिला नव्हता. पण ह्याने? ह्याने माझ्या शब्दाचं आमिष केलं, आणि दिवसही नेमका हाच निवडला. 

मालकांनी बायकोला कानडीत काहीतरी सांगितलं. मला कानडी येत नाही, पण ताट मागे गेलं तेव्हा अर्थ कळला. त्या वर्षीही सर्व्हर कुंकवाविना राहिला.

लायसन घेतलं गेलं, त्याच्याकडूनच. मी मालकांना सांगून पाहिलं, की त्याने आपल्याला फसवलंय, दुसऱ्या कुणाकडून घेऊ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यानं धंदा केला," ते म्हणाले. "शबूद तुम्ही दिला हुता."

 मी कुणाच्या भरवशावर शब्द दिला हे त्यांना सांगणार होतो, पण ते पुढच्या कामाला लागले होते. मित्राशी मी बोलणं टाकलं. त्याला ते किती जाणवलं कोण जाणे, बिलाच्या निमित्ताने तो येत राहिला आणि मला नमस्कार करत राहिला.

पुढच्या खंडेनवमीला बटण ठळक होतं. आमच्याकडे रीत अशी की ज्याचं हत्यार त्याने पूजायचं. पंपवाला पंपाची पूजा करतो, ड्रायव्हर टँकरची. मी सकाळी नवी टोपी घालून गेलो होतो. मालकांच्या निमंत्रणावरून मित्रही आला होता. दूध चालू असताना बटण दाबलं, सगळं काम अलगद पलीकडे गेलं, मोकळा सर्व्हर बंद केला. खोलीतली घरघर निम्मी झाली. मी ताटासाठी हात पुढे केला.

मालकांनी ताट माझ्या मित्राच्या हातात दिलं. ह्याला विसावा त्यानंच मिळवून दिला, म्हणाले. मी खुर्ची सरकवून त्याला जागा करून दिली, आणि त्याने माझ्या सर्व्हरला हळद-कुंकू लावलं.