आबा आणि बाभळीची फरशी

आमच्या वखारीत रोज संध्याकाळी झाडून घेतात, तरी सकाळी मशीनखाली भुसा सापडतोच. किश्श्यांचंही तसंच आहे. सगळे सांगून झाले म्हणावं, तर कुणाच्या तरी बोलण्यातून आणखी एक निघतो. मी चारचौघांत फारसा बोलत नाही. नववीत शाळा सुटली आणि वखारीत आलो, तेव्हापासून मशीनच्या आवाजात गप्प राहायची सवयच लागली. पण सरांच्या फरशीचा विषय निघाला की मलाच सांगायला लावतात.

सर म्हणजे इंदापूरचे एक शिक्षक. त्यांना नव्या घराच्या हॉलला लाकडी फरशी हवी होती. बारामतीला आमच्या वखारीत ते मोबाइलमध्ये फोटो घेऊनच आले. अकेशियाचं फ्लोअरिंग, एकदम टणक, लवकर न झिजणारं. आमचे मालक तात्या. त्यांनी मोबाइल हात लांब करून पाहिला आणि म्हणाले, "ही तर आपल्या बाभळीच्या भावकीतली दिसती!"

मग घरचीच बाभूळ वापरायची ठरली. सर खूश झाले, तात्या त्याहून खूश. बैलगाड्या गेल्यापासून बाभळीला सरपणाशिवाय कुणी विचारत नव्हतं. ही एक फरशी नीट झाली की सागवानवाल्यांना बघतो, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले.

* * *

बाभळीला कीड लागू नये म्हणून ओंडके आधी पाण्यात बुडवून ठेवायची जुनी रीत आहे. तात्यांनी ते आपल्या गावी, कन्हेरीला, स्वतःच्याच विहिरीत सोडले. हळूहळू विहिरीचं पाणी चहाच्या रंगाचं झालं. म्हैस तोंड लावेना. काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, भरलेली बादली आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"साखर घाला. बिनसाखरेचा ती पीत न्हाय."

* * *

ओंडके वाळले आणि कापायला घेतले, तर पात्याची धार टिकेना. मशीन असं काही ओरडायचं की शेजारचा गॅरेजवाला विचारायला आला, दगड कापताय का म्हणून.

तात्या घाम पुसत म्हणाले, "दगड असता तर मगाशीच उरकलं असतं."

* * *

फळ्या बसवायला मी आणि तात्या इंदापूरला गेलो. सर हौसेनं म्हणाले, पहिला खिळा मी ठोकणार. ठोकला, वाकला. दुसरा घेतला, तोही वाकला आणि हातोडी अंगठ्यावर बसली. तात्यांनी अदबीनं हातोडी काढून घेतली.

"सर, हितं नुसतं ठोकून काय आत जात न्हाय. आधी भोक पाडावं लागतं."

"शाळेतही तसंच आहे," सर म्हणाले आणि अंगठा चोखत बसले.

* * *

फरशी झाली. पॉलिश झालं. वास्तुशांती तोंडावर आली आणि डाळिंबाच्या बागेतून सरांचे वडील, आबा, घर बघायला आले. लाकूड कसलं म्हणून त्यांनी विचारलं. सरांनी अभिमानानं सांगितलं. आबांनी उंबऱ्यावरचा पाय मागं घेतला. काटेरी झाड घरात नको, म्हणाले, आणि अंगणातच बसले.

तात्यांनी समजूत घातली. तुमचा कुळव कशाचा होता, बैलगाडीची चाकं कशाची होती?

"बाभळीचीच," आबा म्हणाले. "पर बैलगाडी मी हॉलात लावत न्हवतो."

सरांनी तात्यांना बाजूला घेतलं. आबा आत आले नाहीत तर फरशी उखडून टाइल्स बसवाव्या लागतील, वडिलांना अंगणात ठेवून मी या घरात राहणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. परत येताना तात्या बारामतीपर्यंत एकच घोकत होते. एकदा उखडलेल्या फरशीनंतर दुसरी कोण बसवून घेणार?

* * *

दुसऱ्या दिवशी तात्या पुन्हा गेले. आबांना बाहेरून खिडकीशी उभं केलं आणि हॉलमध्ये वरवंटा आपटून दाखवला. फरशीला काही झालं नाही, वरवंट्याचा टवका उडाला.

आबा शांतपणे म्हणाले, "लाकडाचं मला म्हाईत हाय. आता सूनबाईचा वरवंटा भरून द्या."

* * *

वास्तुशांतीच्या दिवशी हॉल पाहुण्यांनी भरला. सगळ्यांच्या चपला बाहेर, आबाही बाहेर. मांडवात खुर्ची टाकून, पाठ घराकडं करून बसलेले. गुरुजी मुहूर्ताची घाई करत होते. सर पाटावरून उठले आणि मांडवात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, थांबवा. आबा बाहेर असताना मी बसणार नाही." तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. फरशी उखडायची वेळ आलीच तर म्हणून आणलेली पहार टेम्पोतच होती.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आबा उठले. उंबऱ्याशी आले, फरशीकडं बराच वेळ बघत राहिले आणि आत शिरले. पायात त्यांच्या जाड, नाल मारलेल्या चपला, करकर वाजत होत्या. गुरुजी मंत्र विसरले. सर पुटपुटले, "आबा, चपला!"

आबा थांबले नाहीत. ते थेट पूजेपर्यंत गेले. मी मान खाली घालून त्यांच्या मागची फरशी बघत होतो. एक ओरखडा नव्हता.

आबांनी पाटाशेजारी बैठक मारली, सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बाभळीत अनवाणी कोण जातं?"