वेशीचा दरवाजा

आधीच सांगून टाकतो — भूतखेत, करणी, बाहेरची बाधा यातलं काहीही मी मानत नाही. नवी गाडी अमावास्येला घेतलेला माणूस आहे मी... डीलरनं त्या दिवशी डिस्काउंट दिला, हे खरं कारण! त्यामुळे पुढचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा.

२००४ चा हिवाळा. आम्ही ट्रॉय, मिशिगनला राहत होतो — मी, बायको मानसी आणि नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेले माझे बाबा. आई त्याच वर्षी गेली होती. बाबांना आता कायमचं इथंच ठेवून घ्यावं, असं आमचं चाललं होतं. पण बाहेर गुडघाभर बर्फ, आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात... माणूस घरात करणार काय? म्हणून मी सेलमधून जुन्या सिनेमांच्या डीव्हीडी आणल्या. त्यात एक इटालियन सिनेमा होता, मंगोलांच्या स्वारीवरचा, इंग्रजीत डब केलेला. चिकटवलेल्या मिशांचे इटालियन मंगोल, ओठ एकीकडे आणि आवाज भलतीकडेच! आम्ही तिघांनी पोट धरधरून हसत पाहिला. गोष्ट साधी — मंगोल एका शहराला वेढा घालतात, वेशीचा दरवाजा काही केल्या उघडत नाही, शेवटी फौज परत जाते.

बाबा मग तो रोज दुपारी एकटेच लावायचे आणि रात्री जेवताना आम्हाला स्टोरी सांगायचे. एक दिवस वरणभात कालवता कालवता म्हणाले, "आज उघडला नं त्यांनी दरवाजा."

"कोणी, बाबा?"

"आतल्याच कोणीतरी. मंगोल शिरले नं आत."

मी म्हटलं, डुलकी लागली असेल. पण दुसऱ्या दिवशी — "आता घरोघर शोधून राहिले ते." मग — "कोणाला शोधतात, काही समजत नाही बाप्पा."

मानसी किचनमध्ये हळूच म्हणाली, "यार, हे नॉर्मल नाहीये. डॉक्टरची अपॉइंटमेंट घे."

आईमागून बाबांचं डोकंही जाणार की काय? तिकडे एकटं ठेवता येणार नाही, आणि इथं बंद घरात तरी कोणाच्या भरवशावर ठेवायचं? डॉक्टरनं सगळ्या टेस्ट केल्या. सगळं नॉर्मल.

मग एका शनिवारी दुपारी मीच बाबांशेजारी सोफ्यावर बसलो. म्हटलं, दरवाजा बंद राहतो हे दाखवूनच देऊ. मानसी आत पोळ्या करत होती, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. वेढ्याचा सीन आला... आणि एकाएकी म्युझिक थांबलं. डबिंगचे आवाजही थांबले. दरवाजा आतून उघडला.

घोडेस्वार सावकाश आत आले, अजिबात घाई नसल्यासारखे. यांच्या मिशा चिकटवलेल्या नव्हत्या. एकेक दार लोटायचे, आत डोकावायचे, पुढे सरकायचे. बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"हलू नको. आज इकडे पाहून राहिले."

पुढच्या स्वारानं मान वळवली आणि सरळ आमच्याकडे बघितलं. मग घोडा आमच्या दिशेनं वळवला...

मी मानसीच्या नावानं ओरडलोच. ती पिठाच्या हातांनी धावत आली. स्क्रीनवर — दरवाजा बंद, तुताऱ्या वाजतायत, मंगोल परत चाललेत. मी मागे घेऊन पुन्हा लावलं. परत लावलं. बंदच!

"शप्पथ सांगतो, उघडला होता," मी म्हणालो. "ते आत आले होते, मानसी."

इतके दिवस आम्ही दोघं बाबांकडे जसं बघायचो, तसं ती माझ्याकडे बघत होती.

डीव्हीडी मी त्याच दिवशी मोडून फेकली. बाबा मात्र मुदत संपल्यावर हट्टानं परत निघाले. मानसीनं फार विनवलं. तिला म्हणाले, मला थंडी सोसत नाही. एअरपोर्टवर ती ट्रॉली आणायला गेली तेव्हा मला बाजूला घेतलं.

"मला शोधत असतील, तर तुमच्या घरी नको नं ते. मी तिकडे बरा."

मला रडू आलं. मी अडवू शकलो नाही.

बाबा अजून नागपूरला आहेत, ठणठणीत. जे पाहिलं त्याचं स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही, आणि कोणाकडे मागायची हिंमतही नाही. फक्त एक गोष्ट मी बाबांना कधी बोललो नाही... तो स्वार वळला तेव्हा बघत होता ते माझ्याकडे.