चिमट्या पडतो कसा, उठतो कसा

टीव्हीवर तो पडला तेव्हा सगळ्यात आधी मीच हसले.

शेजारणीकडं विरजण मागायला गेले होते. तिच्या नातवंडांनी एक मालिका लावली होती. खेळण्यातले चार सुपरहिरो, जगाला वाचवायला निघतात आणि घराच्या उंबऱ्यालाच अडखळतात, अशी. त्यातल्या दांडग्या हिरोचा पाय साबणावरून घसरला. पण तो लगेच पडला नाही. जरा वेळ तिरका उभा राहिला, सावरलो बुवा, अशा ऐटीत त्यानं छाती पुढं काढली आणि मग धाडकन आपटला. पोरं खिदळली. मी तर पोट धरून हसले. हसता हसता तोंड उघडंच राहिलं, कारण हे पडणं माझं होतं. तो बाहुला असा पाडायचा हे माझ्या डोक्यातून निघालं होतं, माझ्या या दोन हातांनी मी ते केलं होतं, भिसेगावातल्या माझ्या घराच्या मागच्या खोलीत. आणि ही मालिका काही मी केलेली नव्हती.

विरजण तिथंच विसरून घरी आले. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, भूत बघितलंस काय?" मी म्हटलं, "हो. माझंच."

आता नीट सांगते, नाहीतर कुणाला काही कळायचं नाही.

टाळेबंदीत शाळा बंद होत्या, तेव्हाची गोष्ट. माझी धाकटी बहीण आमच्या मागच्याच गल्लीत दिलेली. तिची पोरगी जेवताना भारी छळायची. एक घास भरवायचा म्हणजे आईला चार नाच करावे लागायचे. म्हणून मी मोडक्या खेळण्यांचा खोका काढला. त्यात एक जत्रेतला प्लास्टिकचा पैलवान होता, एक हात तुटलेला. त्या जागी मी कपडे वाळत घालायचा चिमटा बसवला आणि ब्लाऊजपीसचा तुकडा पाठीला बांधला. झाला सुपरहिरो. नाव आपोआपच पडलं, चिमट्या. मग एक टकली बाहुली आली, एक चावीचं माकड आलं, आणि ढोकळ्याच्या डब्याचं झाकण डोक्यावर घातलेला एक रबरी बेडूक. धाकटी मोबाइल धरायची, मी खेळणी हलवायची. केसभर हलवायचं, हात बाजूला, फोटो. परत केसभर, परत फोटो. असे ढीगभर फोटो एकामागोमाग पळवले की खेळणी चालायला लागतात. पहिल्यांदा चिमट्या चालला तेव्हा आम्ही दोघी अशा किंचाळलो की माझे मालक आतून लाटणं घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, साप निघाला.

पूर्वी ज्या खोलीत भाताच्या गोण्या ठेवायचो तीच आमची जागा झाली. खिडकीला काळं प्लास्टिक ठोकलं, कारण ऊन सरकलं की सावली सरकते आणि मग चित्रात सगळं लुकलुकतं. दिवे दोन. खोपोलीला डोंगरावरून पाणी सोडून वीज बनवतात, ती खोपोली इथून हाकेच्या अंतरावर, आणि आमचे दिवे मात्र नेमके चिमट्या अर्धा उडालेला असताना जायचे. मी वीजवाल्यांना ज्या शिव्या घातल्यात त्या इथं लिहिता येणार नाहीत.

त्यात बांगड्यांची भानगड. हात पुढं केला की बांगडी खेळण्याला लागायची आणि केलेलं सगळं आडवं व्हायचं. धाकटी म्हणे, काढून ठेव. सासूबाई दारातून ओरडायच्या, "सवाष्णीनं हात भुंडे ठेवायचे नाहीत हां, सांगून ठेवते!" मग मी बांगड्या कोपरापर्यंत वर चढवायची आणि केसाच्या रबरानं घट्ट बांधायची. संध्याकाळी रबर काढलं की हातावर लाल वळ. पण सासूबाईही खूश आणि चिमट्याही उभा.

आमचा एक नियम होता. ज्या हातानं खेळणं चालवायला घेतलं, त्याच हातानं ते शेवटपर्यंत न्यायचं. मधेच दुसऱ्या हातानं धरलं तर चाल बदलते, पोरांनासुद्धा कळतं. त्यामुळं माकड आणि बाहुली धाकटीची, बेडूक आणि चिमट्या माझे. ती चिमट्याला कधी हात लावायची नाही. लावला तर मी फटका मारायची, खोटं कशाला सांगू.

सगळ्यात गाजली ती पापडांची गोष्ट. गच्चीवर पोह्याचे पापड वाळत घातलेत, कावळा येतो, सुपरहिरो राखणीला धावतात. कावळा नेतो एक पापड, आणि हे चौघं त्याला हाकलताना उरलेले सगळे तुडवतात. शेवटी कावळाच कीव येऊन आपल्या चोचीतला पापड परत आणून ठेवतो. बोलणं सगळं माझ्या आवाजात, आमच्या भाषेत. "आरं सरक ना मेल्या, तुजा पाय माज्या पापडात हाय!" धाकटीनं ते मोबाइलवर लोकांना दाखवायला टाकलं. खालापूर, चौक, कुठून कुठून बायकांचे निरोप यायला लागले, की आमची पोरं तुमचा चिमट्या बघितल्याशिवाय घास गिळत नाहीत. मी अशी हवेत होते म्हणता! भाजीवाल्याशी घासाघीस करताना पण वाटायचं, याला काय माहीत आपण कोण आहोत.

मग मुंबईच्या एका कंपनीचा धाकटीला फोन आला. तिचा नंबर दिलेला होता, म्हणून तिला. तिनं येऊन सांगितलं, "ताई, त्यांना बघायचंय आपण कसं करतो ते. तुजा व्हिडिओ काढते."

"माजा? अगं पण मी ही अशी..."

"तोंड नाय येणार गं. नुसते हात."

नुसते हात म्हटल्यावर मी काय केलं, तर कासाराकडं जाऊन नव्या हिरव्या बांगड्या भरून आले. आहे की नाही शहाणी! त्या दिवशी रबर लावलं नाही, मुद्दाम हळू हळू काम केलं, बांगडी वाजू न देता. चिमट्याला कसं तिरकं करायचं, पायाखाली मेण किती लावायचं, छाती पुढं काढल्यावर किती फोटो थांबायचं, सगळं बोलत बोलत दाखवलं. धाकटी "परत एकदा ताई, जरा हळू" म्हणायची आणि मी परत एकदा दाखवायची. इतकं लक्ष देऊन माझं कुणी आयुष्यात बघितलं नव्हतं. माझ्या लग्नातसुद्धा नाही.

नंतर कळलं, कंपनीनं नाही म्हटलं. म्हणजे धाकटीनं तसं सांगितलं. मला वाईट वाटलं, पण तिचं तोंड माझ्यापेक्षा उतरलेलं दिसलं, म्हणून मीच तिची समजूत काढली. थोड्या दिवसांनी ती म्हणाली, साजगावला एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालंय, आता आपलं चिमट्याचं थांबवूया. मी म्हटलं, थांबवू. तिला सकाळी निघायची घाई, म्हणून तिचा डबा मी करायला लागले. भाकरी, कधी वालाचं बिरडं, कधी सुकट. "ताई, तुज्या हातची भाकरी हाय म्हणून दिवस जातो बघ," असं म्हणायची. आणि मी, डोक्यावर पडलेली, दुसऱ्या दिवशी एक भाकरी जास्त थापायची.

तर शेजारणीकडं ती मालिका बघितली त्याच संध्याकाळी मी तिच्या दारात गेले. ती कामावरून येऊन पाय धूत होती.

"साजगावला काय पॅक करतेस गं तू?"

तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. बहीण आहे माझी. मी काय विचारतेय ते तिला तिथल्या तिथं कळलं. मग सगळं बाहेर आलं. कंपनीनं नाही म्हटलंच नव्हतं. खालापूरच्या अलीकडं रस्त्याला लागून एक गोदाम घेतलं होतं, तिथं ही मालिका बनत होती आणि ती तिथं रोज जात होती. नव्या मुलामुलींना शिकवायला. शिकवायची कशावरून, तर माझ्या व्हिडिओवरून.

"त्यांना एकच माणूस पायजे होतं, ताई. आणि ते म्हणाले, बोलणं शुद्ध पायजे. तू तर सगळ्यांशी भांडतेस."

"मग मला सांगायचं ना तसं! मी भांडले असते आणि गप्प बसले असते!"

"भ्याले मी."

"भ्यालीस? माजी भाकरी खाताना नाय भ्यालीस?"

ती रडायला लागली. आणि रडता रडता, मला बरं वाटावं म्हणून, वर म्हणते, "तिथं सगळे तुला ओळखतात गं. पडायचं शिकवायचं असलं की म्हणतात, हिरव्या बांगड्या लावा."

हिरव्या बांगड्या! मला नाव नाही, तोंड नाही, मी म्हणजे बांगड्या. माझं पित्त असं खवळलं की हातातल्या बांगड्या तिथंच भिंतीवर आपटून फोडणार होते, पण सासूबाई आठवल्या. घरी आले आणि डबा करायचं बंद केलं. बोलणं बंद केलं. परक्यानं फसवलं असतं तर गल्लीत उभं राहून त्याचा उद्धार केला असता. हिनं केसानं गळा कापला, आणि कुणाला सांगायचीही चोरी, कारण सांगितलं तरी अब्रू जाणार आपल्याच माहेरची.

पुष्कळ दिवसांनी, एका दुपारी, ती आली. मी तांदूळ निवडत होते. बस म्हटलं नाही, तरी समोर खाली बसली. सासूबाईंनी तिला चहा दिला, तो तिनं घेतला. मला वाटलं, आता चुकले म्हणेल. मी मनात ठरवूनसुद्धा टाकलं होतं, की म्हणाली तर थोडी शिवीगाळ करायची आणि मग सोडून द्यायचं. किती दिवस ओढणार? एकच तर बहीण आहे.

ती म्हणाली, "ताई, चिमट्या उठत नाय."

"म्हंजे?"

"पडतो बरोब्बर. तुज्यासारखाच. पण उठताना नुसता खांबासारका उभा राहतो. पोरं हसत नायत. आमी तुजं जुनं एकेक चित्र समोर ठेवून बघितलं, तरी जमत नाय. व्हिडिओत उठायचं नाय ना." व्हिडिओत नव्हतं ते खरंच होतं. चिमट्या उठायचा ते काम नेहमी दुपारी उशिरा यायचं, आणि त्या वेळी धाकटी पोरीचं जेवण बघायला घरी गेलेली असायची. ते मी एकटीनं करायची, मोबाइल डब्याला टेकवून.

"तो उठायच्या आधी मुंडी वर काढतो," ती म्हणाली, "मग इकडं बघतो, तिकडं बघतो. मग ढुंगणाला हात पुसतो आणि चालायला लागतो. ते इकडंतिकडं काय बघतो गं तो? काय शोधतो? तेवढं सांग. ते कळलं की तिथल्या पोरांना शिकवता येईल मला."

मी तांदळातला हात काढला आणि तिच्या तोंडाकडं बघितलं. थट्टा करते की काय? थट्टा नव्हती. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

आम्ही लहान असताना शेतावर बाबांची भाकरी घेऊन दोघी जायचो. मी पुढं, ही एवढीशी मागं, बांधावरून. रोज पडायची. चिखलात तोंडावर. पण रडायची नाही लगेच. आधी मुंडी वर काढायची, इकडं बघायची, तिकडं बघायची. कुणी बघत असलं तर गळा काढून रडायची, आणि कुणीच बघत नसलं तर उठून, फ्रॉकला मागं हात पुसून, काही झालंच नाही अशी चालायला लागायची. म्हणून ती पडली की मी पटकन तोंड फिरवायची आणि डोंगराकडं बघत उभी राहायची. मागून तिची पावलं वाजली की मग पुढं चालायची. चिमट्या दुसरं काय शोधणार? ताई बघत नाहीये ना, एवढंच तो बघायचा. मी तो उठवताना दरवेळी हिलाच उठवत होते, आणि मला वाटायचं, तिला हे कळतंय. बोलत नाही, पण कळतंय.

तिनं खोटं सांगून कामाला जाणं, माझे हात विकणं, या सगळ्यावर मला ओरडता आलं. यावर काय ओरडू? हे ती विसरली होती. तिचं स्वतःचं उठणं माझ्याकडं मागायला आली होती, तेही कंपनीसाठी.

"मला नाय ठाऊक," मी म्हटलं. "असंच करत होते काहीतरी."

"आठव ना ताई."

"तू आठव."

"मी काय आठवू? चिमट्या तुजा होता."

"चहा झाला ना? मग जा आता."

ती उठली. दारात चपला घालताना जरा थांबली, वळून माझ्याकडं बघेल असं वाटलं. एरवी मी तोंड फिरवलं असतं. या खेपेला नाही फिरवलं. ती गल्लीच्या वळणापर्यंत मान खाली घालून गेली आणि मी दारात उभी राहून सगळं बघितलं.