मधले काका नॉर्मल झाले त्याची गोष्ट

आमचे मधले काका खुर्च्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. तयार खुर्चीच्या पायांना पुठ्ठा गुंडाळायचा, वरून सुतळी आवळायची, चिठ्ठी चिकटवायची. एकोणीस वर्षं त्यांनी हे केलं आणि त्याबद्दल त्यांना कुणी बरं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. काकू सांगायची, "लग्नाआधी तीनदा घरी आले. तिन्ही वेळा मला वाटलं, हा नवाच कुणीतरी आलाय."

मग कारखान्यात नवे साहेब आले. खिशात कायम मोजपट्टी. आपण खुर्ची नक्की कुणासाठी बनवतो, हेच कुणाला माहीत नाही, या विचारानं त्यांचा जीव खालीवर व्हायचा. त्यांनी तीनशे बारा कामगारांची मापं घेतली. गुडघ्यापासून टाचेपर्यंत, कोपरापासून बोटापर्यंत, आणि बसल्यावर माणूस किती पसरतो तेही. सगळ्याची सरासरी काढून फळ्यावर लिहिली आणि ती मापं कुणाची आहेत ते शोधायला निघाले. ती काकांची होती. एका सुताचाही फरक नाही.

"हा माणूस नॉर्मल आहे!" साहेब आनंदानं ओरडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोण म्हणून काकांनीही मागे वळून पाहिलं.

संध्याकाळी ते गळ्यात कार्ड घालून घरी आले. आजीनं ते चष्म्याजवळ धरलं.

"काय रे लिहिलंय हे?"

"नॉर्मल."

"म्हणजे बढती का आजार?"

"बढतीच म्हणायची," काका म्हणाले, पण त्यांचीही खात्री नव्हती.

"दवाखान्यात रिपोर्ट नॉर्मल आला की घरी पाठवतात," काकू म्हणाली. "तुम्हाला घरी नाही ना पाठवलं?"

मी तेव्हा कॉलेजात होते, त्यामुळे मला सगळंच कळत होतं. मी म्हटलं, "हॉटेलात नॉर्मल पाणी मागितलं की थंड नसलेलं देतात."

"म्हणजे कोमट," आजीनं कार्ड सोडलं. "मग बरोबर आहे. हा जन्मापासून तसाच आहे."

काकांचं नवं काम म्हणजे बसणं. प्रत्येक नमुन्यावर ते सकाळी बसत आणि 'बरं आहे' किंवा 'टोचतंय' एवढंच सांगत. त्यानुसार सुतार रंधा मारत. मात्र काकांनी स्वतः बदलायचं नव्हतं. दर सोमवारी वजन. केस तेवढेच, चपलेची टाच तेवढीच. काकूच्या नावानं कारखान्याचं पत्र आलं : 'आपल्या घरातील नॉर्मलची काळजी घ्यावी.' तेव्हापासून काकांनी भात मागितला की ती आधी भिंतीवर लावलेलं पत्र वाचायची आणि मग नाही म्हणायची.

असं वर्षभर चाललं. एका सकाळी काका बादली उचलायला वाकले आणि त्यांची कंबर धरली. उठले ते डावीकडे कलूनच.

"आज जाऊ नका हो," काकू म्हणाली.

"मी नाही गेलो तर तिथे नॉर्मल कोण?" असं म्हणून काका कललेलेच गेले.

मुख्य सुतारानं साहेबांच्या कानावर घातलं, "साहेब, हे वाकलेत."

साहेबांनी दोनदा मोजपट्टी लावली, बराच विचार केला आणि म्हणाले, "नॉर्मल माणूस वाकत नाही. आपल्या खुर्च्याच सरळ आहेत."

झालं. डावा हात दोन बोटं खाली, पाठ तिरकी, बैठकीला उतार, अशा चार हजार खुर्च्या बाहेर पडल्या. पोस्टात गेल्या, दवाखान्यात गेल्या, न्हाव्याकडे गेल्या. तक्रारी आल्या. साहेबांचं सगळ्यांना एकच उत्तर : 'खुर्ची नॉर्मल आहे. कृपया स्वतःला तपासून घ्यावे.' लोकांनी तपासून घेतलं आणि हळूहळू बसायला शिकले. दीड वर्षात अर्धं गाव डावीकडे कललं. फोटोवाला कॅमेराच तिरका धरू लागला. कुणी ताठ बसलेलं दिसलं की शेजारचा कळवळून विचारायचा, "काय हो, कंबर धरली का?"

आणि एका गुरुवारी चहा पिताना काकांना शिंक आली. अशी जोरात की पाठीत कट्कन वाजलं आणि ते सरळ झाले. आनंदानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकू हसली, आणि लगेच तिचा चेहरा उतरला.

"आता साहेबांना काय सांगायचं?"

दोन दिवस काका आरशासमोर कलायचा सराव करत होते. जमेना. शनिवारी ते नव्या नमुन्यावर बसले आणि घसरून खुर्चीच्या डाव्या हाताला अडकले.

"टोचतंय, साहेब."

साहेब पांढरेफटक पडले. "कसं टोचेल? टोचणं नॉर्मल नाही."

"मीही नाही आता," काका म्हणाले.

साहेबांनी स्वतःच्या हातानं त्यांच्या गळ्यातलं कार्ड काढलं. "फार चांगले होता हो तुम्ही," असं ते म्हणाले. मग त्यांनी उरलेले तीनशे अकरा जण पुन्हा मोजले. एकही जुळला नाही. शेवटी ते कार्ड त्यांनी खुर्चीच्याच गळ्यात अडकवलं, आणि कामगारांना एकेक करून तिच्यावर बसवून कोण कितपत बिघडलाय ते लिहून घेऊ लागले.

काका पॅकिंगला परतले. मला वाटलं, खचतील. पण त्या दुपारी त्यांनी तीनदा भात घेतला. महिन्यात चार किलो वाढले. मिशी ठेवली, ती आवडली नाही म्हणून अर्धीच काढली. आणि चोपन्नाव्या वर्षी म्हणाले, "मला पोहायला शिकायचंय."

मी त्यांना स्कूटरवर तलावावर घेऊन गेले. काका काठाचा दांडा धरून पाण्यात उतरले, तोंडात पाणी गेलं, ठसका लागला. पोहणं शिकवणारा पोरगा धीर देत म्हणाला, "घाबरू नका काका, पहिल्या दिवशी सगळ्यांचंच असं होतं."

"सगळ्यांचंच?" काकांचं तोंड एवढंसं झालं. क्षणभर त्यांनी विचार केला आणि दांडा सोडून दिला. दगडासारखे तळाला गेले.

त्यानं उडी मारून त्यांना वर काढलं. काका खोकत होते आणि मधेच खदखदून हसत होते. तो पोरगा कपाळावरचं पाणी निपटत मला ओरडून सांगत होता, "अहो ताई, असं आजवर कुणी केलं नव्हतं!"