भिंती पाहणारे साडभाऊ

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतल्या घरांच्या जेवढ्या भिंती आमच्या साडभाऊंनी पाहिल्या आहेत, तेवढ्या एखाद्या रंगाऱ्यानंसुद्धा पाहिल्या नसतील. कुणाच्याही घरी गेले की 'या, बसा' म्हणणाऱ्या यजमानाकडे त्यांचं लक्षच नसतं. चपला काढता काढता मान वर जाते आणि डावीकडून सुरुवात करून ते चारही भिंती वाचून काढतात. देवादिकांची कॅलेंडरं, मुलांची बक्षिसं घेतानाची छायाचित्रं, हार घातलेले आजोबा, सगळं बघून झालं की मग पाण्याचा गिलास. माझ्या चुलतभावाच्या तेरवीला तर हे गृहस्थ खुर्चीवर चढून कपाटावरची एक तसबीर पुसून पाहत होते. रडायला आलेल्या बायका रडायच्या थांबल्या. नंतर वहिनीनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "भाऊजी, यायले आमचं घर विकत घ्याचं हाय काय?" मी काय सांगणार? 'नाही, ते आपली बायको शोधत आहेत' असं तेरवीच्या घरी सांगता येत नाही.

खरं कारण मात्र तेच होतं. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अमरावतीत त्यांचं विहिरीवरच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळून देण्याचं दुकान. मी इकडे अकोल्यात शाळामास्तर, आता निवृत्त. त्यांचं आणि ताईंचं लग्न सामूहिक विवाह सोहळ्यात झालं. एका मांडवात एकावन्न जोडपी. सगळ्या नवरदेवांना आयोजकांनी दिलेली एकाच कापडाची सफारी आणि एकाच रंगाचा फेटा. सगळ्या नवऱ्या लाल लुगड्यात, पदर नाकापर्यंत. लग्न बिनचूक लागलं, हे मला आवर्जून सांगितलं पाहिजे. घोटाळा झाला तो फोटोच्या वेळी. नवरदेवांची एक रांग, नवऱ्यांची एक रांग. दोन्हीकडून एकेक पुढे यायचं, पडद्यासमोर उभं राहायचं, 'सामोर पाहा' म्हटलं की सामोर पाहायचं आणि उतरायचं. साडभाऊंच्या पुढचा नवरदेव पाणी प्यायला गेला. साडभाऊ एक पाऊल पुढे सरकले. तो परत आला आणि यांच्या मागे उभा राहिला. नवऱ्यांची रांग मात्र होती तशीच. झालं.

महिनाभरानं एका शाळेत टेबलावर सगळे फोटो मांडून ठेवले होते. ज्यानं त्यानं आपला चेहरा ओळखून उचलायचा. साडभाऊंनी आपला चेहरा ओळखला, फोटो उचलला, येताना त्याला चौकट करून घेतली आणि घरी आणून खिळ्याला लावला. ताईंनी भाकरी थापता थापता वर पाहिलं आणि विचारलं, "ही बाई कोण होय?" साडभाऊ तो उतरवून तसेच सायकलवर परत गेले, तोवर दुसरा फोटो तो पाणीवाला घेऊन गेला होता. कोण, कुठला, कुणालाच माहीत नव्हतं. नावांची वही ज्यांच्याकडे होती ते गाव सोडून गेले. तेव्हापासून ताई कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी माणसाशेजारी भिंतीवर टांगलेल्या आहेत आणि आपल्या घरात दोघांचा लग्नातला एकही फोटो नाही, हे साडभाऊंच्या मनाला लागून राहिलं. एक फोटो मिळावा, एवढंच त्या माणसाला हवं होतं. बाकी आयुष्यात त्यांनी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही.

मग कोरोनात लग्नाला पन्नासच माणसं अशी अट आली. अख्खा वऱ्हाड प्रांत हळहळत होता. गावजेवणाशिवाय लग्न कसं लागणार, या काळजीनं मुलींच्या बापांची झोप उडाली होती, आणि हे एकटे प्रसन्न. "मास्तर, लगन असंच पायजे. मांडवात एकच जोडपं, अन् सगळे त्यायले वळखणारे." अट उठली तरी यांनी ती उठू दिली नाही. दुकान सांभाळून ते छोट्या लग्नांची आखणी करून देऊ लागले आणि फोटोही स्वतःच काढू लागले. घरोघरी जायला मिळतं, भिंती पाहता येतात, हा त्यातला आतला बेत.

त्यांच्या आखणीचे नियम ऐकून माझं डोकं गरगरायचं. फाटकावर ते स्वतः उभे राहून प्रत्येक पाहुण्याला नवरीचं नाव विचारत. एकदा वरूडहून आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांनी वीस मिनिटं बाहेर उन्हात ठेवलं. "अरे बाप्पा, मी तिचा मोठा बाबा होय. आमी तिले छकुलीच म्हणतो, कागदावरचं नाव मले कायले माईत राहीन?" शेवटी हळद लागलेली छकुली स्वतः धावत आली आणि मोठ्या बाबांना, म्हणजे सख्ख्या मोठ्या काकांना, आत घेऊन गेली. दुसरा नियम त्याहून अवघड. फोटोआधी ते नवरदेवाला नवरी दाखवून विचारत, "हेच काय?" मग नवरीला, "हाच काय?" असं तीनदा. दर्यापूरचा एक नवरदेव घामाघूम होऊन म्हणाला, "काका, तुमाले काई माईत असंन तं आत्ताच सांगून टाका."

आणि ते सामान! कॅमेरा त्यांनी आधी जुना घेतला, मग त्याहून बरा, मग आणखी एक. त्यासाठी लागणारी बाकीची अवजारं मात्र घरीच तयार होत. फवारणीच्या पंपाच्या नळीचा स्टँड. कुलरच्या जाळीवर पांढरं मलमल ताणून केलेला दिवा, ज्यातून उजेड म्हणे मऊ पडतो. उजेड परतवायला चंदेरी कागद चिकटवलेला थर्माकोलचा पत्रा, आणि तो धरायला मी. अकोल्याच्या मे महिन्यात भर दुपारी तो पत्रा धरून उभं राहणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच कळेल. रात्री जेवण झालं की ते मोबाईलवर फोटोग्राफीचे धडे पाहत. भाषा कुठलीही चाले. "हात पाहाचे, बोलणं नाई," असं त्यांचं म्हणणं. मलाही त्यांनी शिकवायचा प्रयत्न केला. "मास्तर, व्हॉल्व जास्त खोलला तं पाणी जास्त. उजेडाचंबी तसंच." हे मला समजलं. पण कॅमेऱ्यातलं उजेडाचं भोक मोठं केलं की त्याचा आकडा लहान होतो, हे काही केल्या समजेना. काहून, असं विचारलं तर म्हणाले, "ते कंपनीचं लफडं होय. आपण त्यात पडाचं नाई."

त्यातून त्यांनी एक लेन्स घेतली. तिच्यात म्हणे फक्त दोघं दिसतात, मागचं सगळं धूसर होतं. ती घेतल्यावर माझ्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी शंभर फोटो काढले आणि प्रत्येकात माझी बायको नव्या पैठणीसकट धूसर झाली. साडभाऊंना ती अजून चहा देते, पण साखर विचारत नाही.

मागच्या हिवाळ्यात पातूरचं एक लग्न ठरलं. चाळीस माणसं, घरच्याच अंगणात. नवरदेवाची आई एकटी, नवरा जाऊन सात-आठ वर्षं झालेली. उजेड कुठून येतो ते बघायला साडभाऊ मला घेऊन गेले. मी दारातच पत्रा उघडत होतो. पाहतो तर साडभाऊ बैठकीच्या मधोमध उभे, एक चप्पल पायात, एक हातात. समोरच्या भिंतीवर एक तसबीर. फेटा बांधलेला तरुण, त्याच्या शेजारी लाल लुगड्यातल्या आमच्या ताई. हार फक्त त्या तरुणाच्या अर्ध्या भागाला घातलेला, चौकटीच्या वरच्या पट्टीवर मधोमध एक खिळा ठोकून अडकवलेला. ताईंच्या बाजूला हार नव्हता, पण काच त्या बाजूचीही तेवढीच स्वच्छ पुसलेली होती. मला आधी वाटलं मीच चुकतोय. मग वाटलं, ताईंना फोन करून त्या घरी आहेत ना, ते विचारावं. इतका गोंधळ माझ्या डोक्यात आयुष्यात कधी झाला नव्हता.

साडभाऊंनी त्या बाईंना कसंबसं सांगितलं. बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसायलाच लागल्या. "तुमची मालकीण होय काय ते? बाप्पा, लय दिस राह्यली आमच्या घरी. पोरं तिले फोटोतली मावशी म्हणते." मग हसता हसता त्यांचे डोळे भरले. "यायचा दुसरा फोटोच नाई आमच्याजोळ. म्हणून उतरवला नाई." साडभाऊ तो फोटो मागायलाच निघाले होते, तीस-बत्तीस वर्षं. त्यांनी मागितला नाही. खुर्ची मागितली, वर चढले आणि त्या भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढला. काचेवर उजेड चमकत होता, म्हणून पाच वेळा काढला.

त्यानंतर तीन आठवडे दुकान अर्धं बंद. पोराच्या संगणकावर बसून ते दोन्ही फोटो कापून नीट जोडायला शिकले. लग्नाच्या दिवशी त्यांनी त्या बाईंच्या हातात चौकट दिली. तिच्यात त्या आणि त्यांचा नवरा शेजारी उभे होते, जसे त्या दिवशी उभे राहायला हवे होते. बाईंनी पदरानं तिची काच पुसली. मग नवा फोटो त्यांनी देवघराजवळ लावला. जुना मात्र काढला नाही. "पाहुनीले कसं काहाडू?" म्हणाल्या.

मला वाटलं, आता साडभाऊंच्या घरीही खिळ्यावर नवा फोटो दिसेल. महिन्याभरानं अमरावतीला गेलो तर खिळा रिकामाच. विचारलं, तर उठून आतून एक पाकीट घेऊन आले. फोटो जोडला होता, झकास जोडला होता. पण त्यात साडभाऊ छाती काढून सरळ समोर पाहत होते, आणि शेजारी उभ्या ताईंनी दोन बोटांनी पदर उचलून मान पार दुसरीकडे फिरवली होती.

"कितीक डाव करून पाह्यलं मास्तर," ते म्हणाले, "हिले उलटं केलं तं पदर उलट्या खांद्यावर येते. पण हे माह्याकडं पाहतच नाई. एवढ्या मेहनतीनं जोडला, अन् हे पाहून कुठं राह्यली?"

ताई तूर पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तुमालेच पाहून राह्यली होती ना. तुमी फोटो काहाडून त्याच बाजूनं उतरले होते."

साडभाऊंना काही कळेना. मलाही. ताईंनी सूप खाली ठेवलं. "पदरातून पायच दिसत होते. तुमच्या पायात बूट होते, अन् बाजूले उभा राह्यला त्याच्या पायात चप्पल. मले समजलं, हे ते नाई. म्हणून पदर उचलून पाह्यलं, गेले कुठं."

"मंग सांगतलं काहून नाई तवाच?"

"कोणाले सांगू? त्या पडद्याजोळ एक माणूस माह्या वळखीचं नव्हतं. तुमाले हाक माराची तं नाव घ्या लागलं असतं. भर मांडवात नवऱ्याचं नाव घेऊ काय?"

साडभाऊंनी फोटो पाकिटात घातला आणि पुन्हा बाहेर काढला. पाणी प्यायला गेलेला माणूस, टेबलावरून उचललेला आपलाच चेहरा, इतक्या वर्षांच्या भिंती, काय काय त्यांच्या मनात येत होतं कोण जाणे. मला फार वाईट वाटलं त्यांचं. शेवटी ते अगदी हळू म्हणाले, "मंग आता मार."

"काय?"

"हाक."

ताई हसल्या. सूप परत हातात घेत म्हणाल्या, "आता कायले? आता तं सामोरच बसून राह्यले."

साडभाऊंनीही मग त्यांच्याकडे पाहिलं. त्या क्षणी दोघांचा फोटो काढावा असं मला फार वाटलं. कॅमेरा माझ्या हाताशीच होता. पण त्यातलं कोणतं बटण कशाचं, हे मला त्यांनी इतक्यांदा सांगूनही कधी कळलेलं नाही, त्यामुळे मी आपला नुसता त्यांच्याकडे पाहत बसलो.